घरासमोरच्या रेझिन ड्राइव्हवेचे अंदाजपत्रक: एका प्रकरणाचा अभ्यास

फाटकापासून गॅरेजच्या दारापर्यंत १२ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ६० चौरस मीटरच्या जागेवर रेझिनचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवाने खडी एकत्र बांधून केलेला, ड्राइव्हवे करावा, असा या प्रकरणातील कुटुंबाचा बेत होता. फाटकाकडच्या ४.५ मीटर लांबीत जुने काँक्रीट होते. उरलेल्या ७.५ मीटरमध्ये माती होती आणि तिच्यावर वर्षानुवर्षे टाकलेली, चाकांखाली दबून गेलेली खडी. जमिनीला फाटकाकडून गॅरेजकडे हलका उतार होता. कामासाठी कुटुंबाने एक ठरावीक रक्कम बाजूला काढली होती. दर ठिकाणागणिक आणि वर्षागणिक बदलत असल्याने पुढील सर्व आकडे त्या रकमेला १०० भाग मानून दिले आहेत. अशा कामांत वारंवार भेटणाऱ्या अडचणी एका जागेवर एकत्र आणून हे प्रकरण रचले आहे. त्यामुळे भागांचे प्रमाण या जागेपुरतेच समजावे, मोजमापांचा हिशेब मात्र इतरत्रही वापरता येईल.

तीन कोटेशने

तीन ठेकेदारांनी जागा पाहून दर दिले. पहिल्याचा दर ७८ भाग, दुसऱ्याचा ११८ आणि तिसऱ्याचा ९६. एकाच कामाच्या दरांत एवढी तफावत दिसली की घरमालक सर्वांत महागड्याला वगळतो किंवा मधला दर रास्त असणार असे धरून चालतो. या दोन्ही निवडी कोटेशन न वाचता केलेल्या असतात आणि या कुटुंबाचा कल सुरुवातीला तिसऱ्या ठेकेदाराकडे झुकला होता तो याच कारणाने.

पहिले कोटेशन जवळजवळ एका ओळीचे होते: ६० चौरस मीटर, १५ मिलिमीटर जाडीचे रेझिन, पायाची आवश्यक तयारी धरून. ही आवश्यक तयारी म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर जुनी दबलेली खडी रोलरने पुन्हा दाबून तिच्यावरच रेझिन अंथरू, असे तोंडी उत्तर मिळाले. खडीच्या थराची जाडी आणि रेझिनचा प्रकार लिहून द्या, ही विनंती ठेकेदाराने मान्य केली नाही. त्यामुळे हे कोटेशन इतर दोघांच्या बरोबरीने मांडताच आले नाही आणि तिथेच बाजूला पडले. जो ठेकेदार थराची जाडी लिहून देत नाही त्याचा दर कितीही कमी असला तरी त्याला दर म्हणता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या कोटेशनमध्ये तपशील होता, पण त्यात काय नाही हे शोधावे लागले. खोदलेली माती वाहून नेण्याचा खर्च त्यात नव्हता. माती आवारातच एका कडेला टाकू, असे बारीक अक्षरात लिहिले होते. चेंबरची दोन जुनी झाकणे नव्या पृष्ठभागाच्या पातळीवर आणण्याचा उल्लेख नव्हता. खालच्या खडीचा थर १५० ऐवजी ७५ मिलिमीटरचा होता, कडेला बसवायच्या पट्ट्या, म्हणजे कर्ब, एकाच बाजूला धरले होते आणि रेझिन ॲरोमॅटिक, म्हणजे उन्हात पिवळसर पडणाऱ्या स्वस्त प्रकारचे होते. या त्रुटी दुसऱ्या कोटेशनच्या बरोबरीने भरून काढल्या तेव्हा ९६ चा दर ११५ भागांवर गेला. म्हणजे दोघांतला खरा फरक तीन भागांचा होता, बावीसचा नव्हता.

खर्च नेमका कुठे जातो

दुसऱ्या कोटेशनची फोड अशी होती. खोदाई आणि माती वाहून नेणे १७ भाग. माती आणि खडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून खाली अंथरायचे जिओटेक्स्टाइल कापड, खडी आणि दबाई १६. खुल्या पोताचा, म्हणजे पाणी झिरपू देणारा, डांबरी थर १९. जुन्या काँक्रीटची दुरुस्ती आणि प्रायमर ६. दोन्ही कडांना दगडी कर्ब ११. गॅरेजसमोरची जाळीची चर, शोषखड्डा आणि चेंबरची झाकणे मिळून १०. रेझिन आणि त्यात मिसळायची रंगीत खडी २२. ती अंथरण्याची मजुरी, मिक्सर आणि इतर यंत्रे १४. फाटकाचे काम ३. एकूण ११८. घराकडे येणाऱ्याला जे दिसणार, ज्याचा रंग निवडण्यात कुटुंबाचे आठवडे गेले, तो पृष्ठभाग यात केवळ ३६ भागांचा आहे. बाकीचे ८२ भाग जमिनीखाली, कडांना आणि पाण्याच्या सोयीत जातात.

असे का होते, हे समजण्यासाठी या पृष्ठभागाची घडण माहीत हवी. रेझिनचे ड्राइव्हवे दोन प्रकारचे असतात. एकात पायावर रेझिनचा पातळ थर पसरून त्यावर कोरडी खडी टाकतात. हा रेझिन-बाँडेड प्रकार दिसायला सैल खडीसारखा असतो, स्वस्त पडतो, पण त्यातून पाणी झिरपत नाही आणि वरची खडी हळूहळू सुटते. दुसऱ्यात खडी आणि रेझिन आधी मिक्सरमध्ये कालवून तो माल थापीने सपाट करतात. याला रेझिन-बाउंड म्हणतात. यात खडीचा प्रत्येक कण रेझिनने माखलेला असतो आणि कणांमधल्या पोकळीतून पाणी खाली जाते. कुटुंबाला दुसरा प्रकार हवा होता. नावे इतकी सारखी आहेत की कोटेशनमध्ये एकाच्या जागी दुसरे लिहिले गेले तर पटकन लक्षात येत नाही, म्हणून कामाची पद्धतच वाक्यात लिहून घ्यावी.

रेझिन-बाउंड थर १५ ते १८ मिलिमीटरचा असतो आणि गाडीचे वजन तो स्वतः पेलत नाही. ते वजन खालच्या डांबरी किंवा काँक्रीटच्या थराने आणि त्याखालच्या दाबलेल्या खडीने पेलायचे असते. पाया हलला की वरचा थर त्याच्याबरोबर हलतो आणि तडकतो. नुसत्या दाबलेल्या खडीवर किंवा जुन्या पेव्हर ब्लॉकवर हा थर अंथरू नये, हे त्याचसाठी. पहिल्या ठेकेदाराच्या स्वस्ताईचे मूळ इथेच होते.

मातीच्या भागाचे माप करून पाहू. क्षेत्र ३७.५ चौरस मीटर. खडीचा थर १५० मिलिमीटर, डांबरी थर ७० आणि रेझिन १८, म्हणजे सुमारे २४० मिलिमीटर खोल खोदावे लागते. जमिनीतली माती ९ घनमीटर भरते. पण खोदलेली माती फुगते, साधारण चौथ्या हिश्श्याने किंवा त्याहून थोडी जास्त, म्हणून वाहून न्यायला ती साडेअकरा घनमीटरच्या आसपास होते. वजन १५ टन. तिसऱ्या कोटेशननुसार आवाराच्या कडेला टाकायची होती ती ही माती! त्या जागी ११ टन खडी आणि ६ टन डांबरी माल आणायचा. डांबर गरम असतानाच वापरावे लागते आणि थोड्या मालासाठीही गाडीची पूर्ण खेप मोजावी लागते, त्यामुळे लहान कामात हा खर्च चौरस मीटरच्या हिशेबात बसत नाही. मिक्सर, रोलर आणि माणसांची ने-आण यांचेही तसेच. लहान ड्राइव्हवेला चौरस मीटरमागे जास्त दर पडतो याचे कारण हे आहे, आणि शेजाऱ्याच्या मोठ्या आवाराचा दर आपल्या जागेला लावून केलेले अंदाजपत्रक म्हणूनच फसते.

जुन्या काँक्रीटच्या भागात खर्च कमी वाटतो, पण तो भाग अधिक तपासून घ्यावा लागतो. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहिले, तडे मोजले, उतार पाहिला. काँक्रीट एकंदरीत भक्कम निघाले. मात्र त्यातले तडे आणि सांधे तसेच ठेवून वर रेझिन टाकले तर ते पुढे पृष्ठभागावर उमटतात. काँक्रीट आणि नवा डांबरी पाया जिथे भेटतात ती रेषा तर तडकणारच, म्हणून तिथे आधीच एक सांधा ठेवणे आणि त्यात छिद्रांची धातूची पट्टी बसवणे भाग होते. छिद्रे यासाठी की काँक्रीटमधून पाणी खाली जात नाही. रेझिनमधून झिरपलेले पाणी काँक्रीटच्या पाठीवरून उताराने वाहत येते आणि त्याला पुढच्या सच्छिद्र पायात शिरायला वाट लागते. ती वाट नसेल तर सांध्याजवळ पाणी तुंबते. गॅरेजकडे उतार असल्याने दारासमोरची जाळीची चरही वगळण्यासारखी नव्हती. मुसळधार पावसात, किंवा पोकळ्यांत गाळ साचून झिरपण्याचा वेग घटल्यावर, गॅरेज कोरडे राहणार ते तिच्यामुळेच. तिचे पाणी आवाराबाहेर सोडायचे असेल तर स्थानिक नियम आधी विचारावेत. इथे शोषखड्डा निवडल्याने तो प्रश्न आला नाही.

फाटकाचे तीन भाग कुटुंबाला अनाकलनीय वाटले होते. फाटक आत उघडणारे होते आणि त्याच्या खाली १० मिलिमीटरची फट होती. काँक्रीटवर १८ मिलिमीटरचा थर चढल्यावर ते उघडलेच नसते. बिजागऱ्या वर घेणे किंवा खालची पट्टी कापणे, दोन्हीपैकी एक करावेच लागणार होते. पातळीचा हाच प्रश्न घराच्या भिंतीशीही येतो: नवा पृष्ठभाग भिंतीतल्या ओलरोधक थराच्या १५० मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. या घराला तेवढी जागा होती.

तीस भागांची तूट

११८ भागांत राखीव रक्कम नव्हती. खोदाईच्या कामात जमिनीखाली काय निघेल हे आधी कळत नाही; एक दशांश राखीव धरली तर गरज १३० भागांची होत होती आणि हाताशी १०० होते. तीस भाग कुठून कमी करायचे, हाच या प्रकरणातला खरा निर्णय होता.

पहिली सूचना, अपेक्षेप्रमाणे, रेझिनचा थर पातळ करण्याची आली. १८ ऐवजी १५ मिलिमीटर केले तर माल एक षष्ठांशाने घटतो, म्हणजे २२ भागांतून साडेतीन-पावणेचार वाचतात; मजुरी आणि यंत्रे तेवढीच राहतात. थराची जाडी खडीच्या सर्वांत मोठ्या कणाच्या अडीच ते तीन पट असावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. ६ मिलिमीटरच्या खडीला १५ चालून जाते, पण जिथे चाके रोज वळणार तिथे १८ बरे. एवढ्याशा बचतीसाठी हा थर कमी करू नये असे ठरले. १० मिलिमीटरची खडी निवडली असती तर हाच थर २४ च्या पुढे न्यावा लागला असता. मोठी खडी आवडणाऱ्यांनी तो वाढीव माल आधीच मोजावा.

दुसरी सूचना रेझिनच्या प्रकाराविषयी होती. ॲरोमॅटिक पॉलियुरेथेन रेझिन सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी पिवळसर, तपकिरी होत जाते. ॲलिफॅटिक रेझिनचा रंग टिकतो आणि ते महाग असते. खडी गडद राखाडी असती तर ॲरोमॅटिक वापरायला माझी हरकत नव्हती, कारण गडद खडीवर ही पिवळसर झाक फारशी जाणवत नाही. कुटुंबाने फिकट बदामी छटा निवडली होती आणि ती बदलायची तयारी नव्हती, त्यामुळे ॲलिफॅटिक कायम राहिले.

खडीचा थर ७५ मिलिमीटर करण्याची सूचना विचारात घेतली नाही. टप्प्याटप्प्याने काम करण्याची कल्पना, म्हणजे या वर्षी डांबरी पाया आणि पुढच्या वर्षी रेझिन, तिच्यापेक्षा विचार करण्यासारखी होती. पण खुल्या पोताचा डांबरी थर वर्षभर उघडा राहिला तर त्याच्या पोकळ्यांत माती भरते, चाकांनी त्यातली खडी निखळते, आणि कर्ब रेझिनच्या पातळीला बसवलेले असल्याने तोवर १८ मिलिमीटरची ठेच लागणारी कड राहते. शिवाय माणसे आणि यंत्रे दोनदा आणावी लागतात. पैसे नक्की येणार असतील आणि मधला काळ काही आठवड्यांचा असेल तर टप्पे करावेत. वर्षभरासाठी करू नयेत.

मग राहिले क्षेत्रफळ. ५ मीटर रुंदी कशासाठी, हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता; जागा तेवढी होती म्हणून माप तेवढे घेतले गेले होते. घरात एकच मोटार. तिची रुंदी १.८ मीटर धरून दोन्ही बाजूंना दार उघडून उतरायला ७० सेंटिमीटर दिले तर ३.२ मीटर पुरतात. मातीच्या ७.५ मीटर लांबीत रुंदी ५ वरून ३.२ केली आणि उरलेला १.८ मीटरचा पट्टा झाडांना दिला. फाटकाजवळचा काँक्रीटचा भाग पूर्ण रुंदीचाच ठेवला, कारण तिथे पाया आधीच होता आणि आलेल्या पाहुण्याची गाडी तिथे बाजूला उभी राहू शकत होती. मातीवरचे क्षेत्र ३७.५ वरून २४ चौरस मीटर झाले आणि एकूण ६० वरून ४६.५.

क्षेत्र साडेबावीस टक्क्यांनी घटले तरी खर्च त्याच प्रमाणात घटला नाही. खोदाई, खडी आणि डांबर यांत मिळून १४ भाग वाचले. नुसत्या गुणाकाराने अठराच्या वर वाचायला हवे होते, पण खेपांचा आणि यंत्रांचा किमान खर्च तसाच राहिला. रेझिनच्या मालात ५ आणि मजुरीत केवळ १ भाग वाचला, कारण काम तेव्हाही एका दिवसाचे होते आणि आताही एका दिवसाचेच. खोदाईत निघालेली वरची सुपीक माती झाडांच्या पट्ट्यात वापरायचे ठरल्याने वाहतुकीचे ३ भाग वाचले. खालची चिकट माती मात्र बाहेर पाठवली. दगडी कर्बऐवजी झाडांच्या बाजूला काँक्रीटचे कर्ब घेतले, तिथे आणखी ३. अशा रीतीने अंदाज ९२ वर आला आणि राखीव ८ भाग उरले. मला राखीव किमान दहा भागांची हवी होती, पण माती एका ठिकाणी खोदून पाहिली होती आणि ती घट्ट निघाली होती, म्हणून आठवर समाधान मानले.

करारातील अटी आणि प्रत्यक्ष काम

करारात प्रत्येक थराची जाडी, खडीचे आकार, रेझिनचा प्रकार आणि एका घाण्यातले प्रमाण लिहून घेतले. या मालात सुमारे ११२ किलो खडी आणि वाळूला साडेसात किलो रेझिन असे प्रमाण होते. अशा एका घाण्यात १८ मिलिमीटर जाडीने चार चौरस मीटरच्या आसपास जागा होते, म्हणजे ४६.५ चौरस मीटरला बारा घाणे लागणार. हा हिशेब घरमालकाकडे असला की कामाच्या दिवशी रेझिनचे रिकामे डबे मोजून थराची जाडी पडताळता येते. प्रत्येक घाणा सारख्याच वेळ फिरवायचा, अशीही अट घातली, कारण वेळ बदलला की छटा बदलते आणि पृष्ठभागावर पट्टे दिसतात.

सर्वांत उपयोगी ठरली ती हवामानाची अट. पॉलियुरेथेन घट्ट होत असताना त्याला ओल लागली तर रासायनिक क्रियेत कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, माल फेसाळतो आणि पांढुरका पडतो. म्हणून पाया पूर्ण कोरडा हवा आणि त्याचे तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर हवे. अशा हवेसाठी थांबावे लागल्यास वाढणारे यंत्रांचे भाडे ठेकेदाराने सोसायचे, असे लिहिले होते. ठरलेल्या दिवशी पहाटे पाऊस झाला, काम पुढे गेले, आणि घरमालकाला त्याचे काही द्यावे लागले नाही. ही अट नसती तर ठेकेदाराने ओल्या पायावरच माल टाकायची घाई केली असती. दोष त्याच्या हेतूचा नसतो, रोजचे भाडे चढत असते.

राखीव रकमेला हात लागला तो खोदाईत. छपराचे पाणी जिथे वर्षानुवर्षे पडत होते त्या कोपऱ्यात पाच चौरस मीटर माती मऊ निघाली. ती आणखी १५० मिलिमीटर खोदून तिथे दीड टन जादा खडी भरावी लागली. ३ भाग गेले. तपासणीसाठी घेतलेला खड्डा या कोपऱ्यापासून दूर होता. चेंबरच्या एका झाकणाची चौकट खालून गंजलेली निघाली, तिचा १ भाग. एकूण खर्च ९६.

रक्कम चार हप्त्यांत द्यायची होती: साहित्य जागेवर आल्यावर, डांबरी पाया झाल्यावर, रेझिन अंथरल्यावर आणि उरलेले दहा भाग पहिल्या मोठ्या पावसानंतर. शेवटच्या हप्त्यासाठी तीन गोष्टी पाहायच्या होत्या: कुठे पाणी साचते का, कर्बच्या कडेला खडी सुटते का आणि सांध्याच्या पट्टीजवळ तडा आहे का. चरीच्या डाव्या टोकाला थोडे पाणी राहिले, ठेकेदाराने जाळीची पातळी सुधारली आणि हप्ता दिला गेला.

उरलेल्या चार भागांतून त्याच खेपेच्या खडीच्या दोन पिशव्या घेऊन ठेवल्या. पुढे ठिगळ लावायची वेळ आली तर दुसऱ्या खेपेच्या खडीची छटा जुळत नाही. रेझिनचा डबा मात्र साठवला नाही, त्याला मुदत असते. बाकीची रक्कम वर्षातून एकदा दाबाच्या पाण्याने पोकळ्या धुऊन घेण्यासाठी राखली आहे.